सतरा नंबरचा डबा

माझं आडनाव काळोखे आणि एकतीस वर्षं माझं काम दिवे घालवायचं. यावरचे सगळे विनोद संस्थेत करून झालेले आहेत, तेव्हा तुम्ही नव्याने तसदी घेऊ नका.

साताऱ्यात एमआयडीसीच्या कडेला आमची बॅटरी संशोधन संस्था. मी तिथे चाचणी विभागात तंत्रज्ञ. हुद्दा लहान, पण संध्याकाळी पावणेसहाला त्या इमारतीत माझ्यापुढे संचालकांचंही चालायचं नाही. मी नोकरीला लागले त्याच वर्षी, माणूस नसताना चालू ठेवलेला एक सेल फुटला आणि आमच्या पंडितमामा शिपायांची उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो जळका वास मी विसरलेली नाही. तेव्हापासून नियम झाला की माणूस नाही तर प्रवाह नाही. जाताना प्रत्येक चाचणी-डब्याचं बटण दाबायचं, लाल दिवा लागलेला बघायचा, मग कुलूप. सकाळी साडेआठला पुन्हा चालू. एकतीस वर्षांत मी एकदाही चुकले नाही. याचा मला फार अभिमान होता. आता त्या अभिमानाचं काय करायचं ते मला समजत नाही.

मृणाल माझी एकुलती एक. डॉक्टरेट घेऊन माझ्याच संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून आली. घरी "आई, माझा टॉवेल कुठंय?" आणि लॅबमध्ये "काळोखे मॅडम, रीडिंग द्या." मीही "देते हं, डॉक्टर" म्हणायची. सगळे हसायचे, मला आतून उकळ्या फुटायच्या.

लिथियमच्या बॅटरीचं दुखणं साधं आहे. आतल्या लिथियमच्या पट्टीवर एक पातळ पडदा धरतो. तो आहे म्हणून बॅटरी जगते, नाहीतर भोवतीचा द्राव लिथियमला खात सुटेल. पण बॅटरी भरताना ती पट्टी फुगते आणि वापरताना आकसते. शेकडो वेळा हे झालं की पडदा तडकतो, तडकल्या जागी द्राव शिरतो, मळ साचतो आणि प्रवाहाची वाट अडते. जुने फोन दोन वर्षांत भर दुपारी मान टाकायचे ते यामुळेच. मृणालला हवा होता स्वतःच सांधला जाणारा पडदा.

एकदा सकाळी ती ओट्यापाशी उभी राहून दुधाच्या पातेल्यात बोट घालून साय मोडत होती.

"अगं, काय हा घाणेरडेपणा! विरजणाला साय लागते मला."

"धरेल गं परत," ती म्हणाली. आणि तसंच बोट वर धरून पाच मिनिटं दुधाकडे बघत राहिली. मग आंघोळ न करताच लॅबला पळाली.

दीड वर्षानं तिनं रेणूंच्या अशा साखळ्या बनवल्या की त्यांचे हात सुटले तरी ते एकमेकांना पुन्हा सापडत. पडदा तडकला की कडेच्या साखळ्या हळूहळू सरकत येत, हात धरत, साचलेला मळ बाजूला ढकलत आणि तडा बुजवून टाकत. नाव तिनं दिलं साय. मोठमोठ्या परदेशी लोकांनी ते वेडंवाकडं उच्चारलं तेव्हा आम्ही मायलेकी खूप हसलो.

चाचणीला वीस डबे लावले, प्रत्येकात एक सेल. पहिल्याच आठवड्यात मृणाल माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, हे वीस डबे रात्रंदिवस चालू राहू देत ना. काम निम्म्या वेळात होईल."

"माझ्या लॅबमध्ये नाही. पंडितमामांचा हात बघून ये, मग बोल."

"अहो मॅडम..."

"अहो नाही आणि कहो नाही."

तिनं खांदे उडवले. "बरं बाई. चालू तासच मोजायचेत आपल्याला. वर्षभर जास्त लागेल, एवढंच."

त्या वाक्यावर मी आजवर हजारदा जाऊन आले आहे. डब्याचं घड्याळ फक्त चालू तास मोजायचं. मधले पंधरा तास सेल नुसता पडून असायचा, आणि पडून राहणं म्हणजे काहीच न होणं, असंच आम्हाला वाटलं. तिलाही, मलाही, अहवाल तपासणाऱ्या बारा विद्वानांनाही. त्या इमारतीत पावणेसहाला सगळं बंद होणं इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कुणी लिहूनच ठेवलं नाही.

वीसपैकी एकोणीस सेल सहा हजार तास चालले आणि नव्यासारखे राहिले. विसावा म्हणजे सतरा नंबरच्या डब्यातला. त्या डब्याचं बटण बिघडलं होतं. दाबलं की लाल दिवा लागायचा, पण प्रवाह आत चालूच राहायचा. एका सकाळी डब्याला हात लागला तर तो कोमट, तेव्हा मला कळलं. तोवर तो चाळीस दिवस अखंड चालला होता आणि सेल मेला होता. मी घाबरले. माझ्या लॅबमध्ये चाळीस रात्री प्रवाह चालू! मी वहीत लाल पेन्सिलीनं लिहिलं, "डबा बिघडला, सेल वगळला."

"सतराचं काय झालं?" मृणालनं विचारलं होतं.

"डबा खराब निघाला."

हे खरंच होतं. चाळीस रात्रींचं मात्र मी बोलले नाही. माझ्या नावाला बट्टा नको होता.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. जयसिंग काळोखे, एसटीचे ड्रायव्हर, सातारा-महाबळेश्वर मार्गावर सव्वीस वर्षं. तोंडाचा पट्टा अखंड चालू. गोष्टी तर अशा की विचारू नका. त्यातली एक ठरलेली. मेढ्याच्या थांब्यावर एक म्हातारी बकरी घेऊन चढते, कंडक्टर म्हणतो बकरीचं तिकीट काढ, म्हातारी म्हणते ती लहान आहे, अर्धं तिकीट लागतं... इथपर्यंत आलं की मी म्हणायची, "ऐकलंय हो शंभरदा, भाजी निवडा." शेवट मी कधी ऐकलाच नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्या हृदयानं असहकार पुकारला. जिना चढले की ओठ निळे. डॉक्टरांनी पंप बसवायचा सांगितला, रक्त पुढे ढकलणारा. जुन्या पंपाची वायर पोटातून बाहेर यायची, कमरेला जड बॅटऱ्या, आंघोळीची बोंब. पण मृणालच्या सायीमुळे नवा पंप निघाला होता. बॅटरी आतच, छातीच्या पिंजऱ्याखाली. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास छातीवर पट्टा बांधायचा, त्यातल्या चकतीतून कातडीवरूनच ती भरायची. बॅटरी वीस वर्षं बदलायला नको. पहिल्या चौसष्ट रुग्णांमध्ये आमचे हे होते.

काय सांगू तुम्हाला! तीन महिन्यांत माणूस अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी फिरायला जायला लागला. एकदा मृणालच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या लेकीनं मला गाडीसारखं दुरुस्त केलं बघ." ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मला नळाच्या आवाजातही कळलं.

अकरा महिने गेले. मुंबईत मृणालचा मोठा सत्कार ठरला, पुढच्याच्या पुढच्या रविवारी. बातमी आली त्या गुरुवारी, सोळा तारखेला, मी बासुंदी करायला घेतली. ह्यांना म्हटलं, दुधाकडे बघा, मी वेलची कुटते. परत येऊन बघते तर हे डाव घेऊन गराऽगरा ढवळतायत आणि शिट्टी वाजवतायत.

"अहो! थांबा की जरा. सारखं ढवळत राहिलात तर साय धरेल का? दूध निवांत राहिलं तर साय येते, मग ती कडेला सारायची."

"असं होय? मला वाटलं मेहनत जितकी जास्त तितकी गोड."

मी हसले नाही. माझ्या हातातून खलबत्ता सुटला. सायीला निवांतपणा लागतो. माझ्या एकोणीस डब्यांना तो रोज पंधरा तास मिळत होता. सतराव्याला मिळाला नव्हता. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीतला पंप अकरा महिने एक क्षणही थांबला नव्हता.

"काय गं, हेमा? पांढरी पडलीस."

"काही नाही. वेलचीचा ठसका."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी लाल पेन्सिलीचं ते पान काढलं आणि हिशोब मांडला. चाचणीत आम्ही सेलला जोरात पळवतो, पंप सावकाश चालतो. सतराचे चाळीस दिवस म्हणजे पंपाचं साधारण एक वर्ष. म्हणजे अजून महिनाभर तरी हाताशी होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथूनच, दहा पावलांवर तिची खोली होती. मी दारापर्यंत गेलेही. ती फोनवर कुणाला तरी सत्काराला काय नेसू विचारत होती, हसत होती. मी परत फिरले. स्वतःला सांगितलं, रविवार होऊ दे, लेकीचा एक दिवस तरी नीट जाऊ दे, सोमवारी सांगू. हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं की लाज माझी होती. एकतीस वर्षांत न चुकलेली काळोखे बाई चुकली आणि वर तिनं लपवलं, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं.

पण मी गप्प बसून राहिले नाही, हेही ऐका. मला वाटलं, रात्रभर पट्टा बांधून ठेवला तर पंपाला वीज बाहेरून मिळेल आणि आतल्या बॅटरीला विसावा. मी सेल जाणते, पंपाची आतली जोडणी मला ठाऊक नव्हती. कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं तर का विचारतेस म्हणून सांगावं लागलं असतं.

"मला काय मोबाईल समजलीस, रात्रभर चार्जिंगला लावायला?" पहिल्या रात्री हे म्हणाले.

"गुमान बांधा. माझं ऐकायचं."

"बरं बाई. सकाळी उठवताना स्क्रीनवर बोट फिरवू नको म्हणजे झालं."

रोज झोपताना मी माझ्या हातानं पट्टा बांधत होते. बंद घट्ट आवळून, चकती बरोबर जागेवर आहे ना बघून. आठ रात्री.

पंचवीस तारखेला, शनिवारी सकाळी, मृणाल मुंबईला पोचली होती. आम्ही दुपारी निघणार होतो. हे इस्त्रीचा शर्ट घालून मटार सोलत बसले होते आणि मला बकरीची गोष्ट सांगत होते. मी बॅग भरत होते. "...तर म्हातारी म्हणते, ती लहान आहे, अर्धं तिकीट लागतं. आणि कंडक्टर म्हणतो..."

मी वाट बघितली, खरंच. त्या दिवशी मी मध्ये बोलले नाही. पुढे काहीच आलं नाही म्हणून वळून पाहिलं तर मान छातीवर, आणि मटाराचे दाणे मांडीवरून फरशीवर घरंगळत होते. बॅटरी संपत आली की वाजणारा पंपाचा भोंगा वाजला नाही. तो कधी वाजायचा तेही आमच्याच चाचण्यांवरून ठरवलं होतं. शेजारचे आले, अँब्युलन्स आली, त्यांनी विजेचे झटके दिले. मी फक्त "अहो, अहो" म्हणत होते. आयुष्यभर नाव घेतलं नाही, तेव्हाही आठवलं नाही.

पंप काढून तपासणीला नेला होता, त्याचा निकाल बाराव्याच्या आदल्या दिवशी आला. संस्थेच्या बैठकीच्या खोलीत आम्ही चौघे. संचालक, पंप बसवणारे डॉक्टर पेंढारकर, मृणाल आणि मी. मृणालनं तिच्या बाबांचं घड्याळ मनगटाला बांधलं होतं. ते सैल होतं, ती सारखी वर सरकवत होती.

पेंढारकरांनी घसा साफ केला. "पंप उत्तम चालतोय. शेवटच्या नोंदी कोऱ्या आहेत, बहुधा झटक्यांनी पुसल्या गेल्या. बॅटरीची क्षमता सत्त्याण्णव टक्के. दोष आढळला नाही. हृदयाचाच मूळ आजार म्हणायचा."

मृणालनं डोळे मिटले. "म्हणजे माझ्यामुळे नाही," ती अगदी हळू म्हणाली. "आई, माझ्यामुळे नाही गं."

सत्त्याण्णव टक्के. आठवडाभर ती बॅटरी टेबलावर पडून होती. तिच्यातून कुणी काही ओढलं नाही, कुणी काही भरलं नाही. साखळ्या सरकत आल्या, त्यांनी हात धरले, मळ ढकलला, तडे बुजवले. माझा माणूस गेला आणि त्याची बॅटरी बरी झाली. देवा रे! ती जितकी बरी झाली तितका पुरावा पुसला गेला. आता हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिले तर कुणालाही कधी कळणार नव्हतं. लेकीच्या चेहऱ्यावर दहा-अकरा दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता. आणि त्रेसष्ट माणसं आपापल्या घरी चहा पीत होती.

मी पिशवीतून वही काढली. सतराचं पान उघडून मृणालपुढे ठेवलं.

"हा डबा नुसता बिघडला नव्हता. चाळीस दिवस अखंड चालू होता. बाकीचे रोज पंधरा तास थांबत होते. तुझी साय थांबल्यावर धरते, मृणाल. चालू असताना धरत नाही."

ती हुशार आहे. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. पानावरून बोट फिरवत तिनं तारीख वाचली, मग वर बघितलं. "तुला कधी कळलं?"

"बासुंदी केली त्या दिवशी."

"सोळा तारीख." ती बोटांवर मोजत होती, लहानपणी मोजायची तशी. "बाबा पंचवीसला गेले. नऊ दिवस."

"मी रात्री पट्टा बांधत होते गं. विसावा मिळावा म्हणून..."

"रात्रभर?" तिचा आवाज फाटला. "आई, पट्ट्याची वीज बॅटरीतूनच पंपाला जाते! इकडून भरत राहते, तिकडून उपसत राहते. जास्तच ढवळलीस तू." तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मग हात काढून, अगदी लॅबमधल्या आवाजात म्हणाली, "पट्टा असताना वीज थेट पंपाला द्यायची, बॅटरी बाजूला ठेवायची. प्रोग्रॅममधला एक बदल होता. वीस मिनिटांचं काम. मला विचारलं असतंस तर वीस मिनिटं लागली असती, मॅडम."

मॅडम म्हणाली. मग पेंढारकरांकडे वळून त्रेसष्ट रुग्णांचे फोन नंबर मागितले आणि काम होईपर्यंत खुर्चीवरून उठलीही नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या पंपांना नवा प्रोग्रॅम गेला. झोपताना पट्टा बांधायचा, आठ तास आतल्या बॅटरीनं पडून राहायचं. पावणेसहा वाजले तेव्हा मी सवयीनं डबे बंद करायला गेले. परत आले तर ती गेली होती. बाबांचं बारावं तिनं माझ्या भावाच्या घरी केलं.

याला आता सात महिने झाले. अहवाल तिनं स्वतः मागे घेतला, सगळं लिहून नवा दिला. त्यात सतरा नंबरचा डबा आहे, वही आहे, माझं नावही आहे. खोटं काही नाही. मी राजीनामा दिला. ती पुण्यात असते. फोन उचलत नाही, घरी येत नाही. पण रोज संध्याकाळी बरोबर पावणेसहाला तिचा मेसेज येतो. शब्द एकही नसतो. फक्त आकडा, ६३. सगळे पंप चालू आहेत, एवढंच. मला सांगते की मला ठोकते ते माहीत नाही, पण पाचपासून मी फोन हातात धरून बसते. आकडा दिसला की देवापाशी दिवा लावते आणि रडते. रडायची लाज आता उरलेली नाही.

परवा मटार आले बाजारात. सोलायला बसले आणि हात चालेना. पावणेसहाला ६३ आलं तेव्हा माझ्याकडून लिहिलं गेलं, "त्या बकरीच्या गोष्टीत कंडक्टर पुढे काय म्हणतो गं? मी कधी शेवटपर्यंत ऐकलीच नाही."

त्या दिवशी उत्तर नाही. काल नुसतं ६३. आज ६३ आलं, मी दिवा लावायला उठले आणि फोन पुन्हा वाजला.

"बाबा दर वेळी वेगळा शेवट सांगायचे. कुठला सांगू?"

मी लिहिलं, "जेवढे आठवतायत तेवढे सगळे." अजून काही आलेलं नाही. मी इथेच बसले आहे, दिवे न घालवता.